तंजावूरला घर शोधताना: आधी गल्ली, मग खोली

पदव्युत्तर वैद्यकीयच्या फेरीत तंजावूर पदरात पडलेले, बँकेची पहिलीच नेमणूक कावेरीच्या खोऱ्यात झालेले, अन्नप्रक्रिया किंवा अभियांत्रिकी शिकायला निघालेले अशा तरुण वाचकांचे प्रश्न दर पावसाळ्यात येतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: तिथे मराठी वस्ती कुठे आहे? दुसरा जरा संकोचून विचारलेला असतो. एकाच जातीच्या किंवा एकाच धर्माच्या गल्लीत राहायचं नाही, सगळ्या तऱ्हेची माणसं असतील असा भाग कोणता?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावूर घेतलं, १८५५मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. त्या काळातल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही जुन्या किल्ल्याच्या भागात भेटतात. नावापुढे राव किंवा रायर, बाहेर अस्खलित तमिळ, घरात शेकडो वर्षांपूर्वी महाराष्ट्रापासून तुटलेली मराठी. पण अनेक कुटुंबं नोकऱ्यांमागे चेन्नई-बंगळूरला गेली, आणि उरलेल्यांची अशी वेगळी मराठी कॉलनी नाही. नकाशावर मनोजीपट्टी दिसली म्हणून तिथे मराठी शेजार मिळेल असंही नाही. ओळखी जरूर करून घ्या. त्यांच्या भरवशावर घर मात्र शोधू नका.

दुसऱ्या प्रश्नाला हा सगळा लेख.

मिश्र वस्ती म्हणजे इथे काय

२०११च्या जनगणनेत तंजावूर शहराची लोकसंख्या २,२२,९४३ होती आणि महानगरपालिका झाली ती २०१४मध्ये. मुंबई-पुण्याच्या मानाने गाव लहान. रिक्षाने अर्ध्या तासात या टोकाचं त्या टोकाला जाता येतं. त्यामुळे 'ऑफिस जवळ हवं' हा निकष इथे दुय्यम ठरतो.

जुनं तंजावूर गल्ली-गल्लीने वसलं. देवळाच्या सेवेकऱ्यांची गल्ली, विणकरांची, सोनारांची, मशिदीलगतची, चर्चलगतची. एका गल्लीत पाहिलं तर सगळे एका जातीचे. चार गल्ल्यांचा चौक पाहिला तर अख्खा जिल्हा. नव्या नगरांत उलटं आहे. शेजारी वेगवेगळ्या जातिधर्मांचे, पण पगार आणि राहणी सारखीच, आणि फाटक लागलं की कोणाचा कोणाशी संबंध नाही. म्हणून 'कोणता भाग मिश्र?' असं विचारण्यापेक्षा 'माझ्या दारापासून दहा मिनिटं चाललो तर किती प्रकारची माणसं रोज भेटतील?' असं विचारा. मिश्र शेजार हवा असेल तर घर दोन जुन्या गल्ल्या जिथे मिळतात तिथे, म्हणजे वस्तीच्या कडेला घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं या मतावर उभं आहे.

जुना किल्ला: राजवीदी आणि अलंगम

राजवाड्याभोवती चार दिशांना चार राजवीदी आहेत. इंग्रजी पाट्यांवर त्या ईस्ट मेन, साउथ मेन अशा दिसतील. त्यांच्या बाहेर जुन्या तटालगतचे रस्ते, त्यांना अलंगम म्हणतात. तमिळ, नायक काळापासूनचे तेलुगू, मराठी आणि नंतर आलेले राजस्थानी सराफ असे सगळे या टापूत मिळतात. तंजावूरच्या रेशीम विणकरांत सौराष्ट्र भाषा बोलणारी घराणी आहेत, त्यांचीही गाठ पडेल. पश्चिमेच्या वीदीवर बंगारु कामाक्षीचं देऊळ आहे, आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात नाव कमावलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु या नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, भावांचं घरही त्याच रस्त्यावर. मोठ्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, देवळाच्या दारातून निघालात तर शिवगंगा बागेतल्या १७७९च्या श्वार्ट्झ चर्चपर्यंत पायी पोचता. इतकी भाषा, इतका इतिहास एवढ्याशा जागेत शहरात दुसरीकडे नाही.

घरं मात्र नीट बघून घ्या. जुनं घर दर्शनी अरुंद आणि आत लांबच लांब असतं. पुढे तिण्णै, म्हणजे आपली ओटी, मध्ये उघडा चौक, मागे विहीर. मालक पुढच्या भागात राहतो आणि मागचा किंवा माडीवरचा 'पोर्शन' भाड्याने देतो. तुमच्या खोलीत जायची वाट त्यांच्या बैठकीतून जाते का, ते पाहा. जात असेल तर रात्री साडेनऊनंतर घरी येणं म्हणजे दर वेळी आजोबांना उठवणं. पाहुणे, मित्र, मैत्रिणी यांचाही प्रश्न त्याच वाटेवर येतो.

आणखी दोन गोष्टी. मोठं देऊळ आणि शिवगंगा कोट हा संरक्षित भाग आहे. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते आणि दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. त्या परिघातला मालक 'महिनाभरात नवं न्हाणीघर बांधून देतो' म्हणाला, तर न्हाणीघर बांधून झाल्यावरच भाडं सुरू करा. दुसरं, चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, मोठ्या देवळाचा रथ या राजवीदींतून फिरतो. अनेक दशकं बंद पडलेली ही रथयात्रा २०१५मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी गाडी काढता येत नाही. एरवीही इथे चारचाकी ठेवायला जागा नसते. दुचाकी पुरेशी आहे.

कीळवासल आणि करंदै

कीळवासल म्हणजे किल्ल्याचा पूर्व दरवाजा. दरवाजा गेला, बाजार राहिला. भाजी, मासळी, लोखंडी सामान, मसाल्याची दुकानं, मशिदी आणि अम्मनची छोटी देवळं एकमेकांना खेटून आहेत. वडवार नदी ओलांडून उत्तरेला करंदै लागतं. १९११मध्ये स्थापन झालेला करंदै तमिळ संघ इथलाच, आणि तमिळ जैनांचं जुनं आदिनाथ मंदिरही इथेच. महाराष्ट्रातून जाणाऱ्याला जैन म्हटल्यावर गुजराती-मारवाडी आठवतात. इथले जैन मूळचे तमिळच.

शहरातली सर्वांत खरी सरमिसळ या पट्ट्यात आहे आणि घरंही तुलनेने स्वस्त. तरुण लोक तरी इथे फारसे येत नाहीत, कारण दलाल त्यांना इकडे आणतच नाहीत. 'तुमच्यासारख्यांसाठी नाही' असं सांगून ते मेडिकल कॉलेज रोडकडे वळवतात. त्यांचं ऐकून हा भाग वगळू नका, पण दोन अडचणी ध्यानात ठेवा: पहाटे चारपासून मालाच्या गाड्यांचा गोंगाट, आणि नदी-नाल्यालगतच्या सखल गल्ल्यांत पावसाचं पाणी.

स्टेशन, गांधीजी रोड, पूक्कार तेरु

स्टेशनपासून जुन्या बसस्थानकाकडे जाणारा गांधीजी रोड ही शहराची मुख्य बाजारपेठ. जवळच पूक्कार तेरु, म्हणजे फुलवाल्यांची गल्ली. ख्रिस्ती वस्तीही या बाजूला जुनी आहे. एकट्या पुरुषांसाठीची 'मॅन्शन' इथेच सापडतात: माडीवर ओळीने खोल्या, सामायिक नळ, खाली मेस. मॅन्शनमध्ये कायमचं राहू नका. पहिले पंधरा दिवस घर शोधायला मुक्काम म्हणून मात्र उत्तम.

मेडिकल कॉलेज रोड आणि नवी नगरं

मेडिकल कॉलेज, दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, नवं बसस्थानक आणि त्यांच्या आजूबाजूची अरुळानंद नगर, यागप्पा नगर, म्युनिसिपल कॉलनी, न्यू हाउसिंग युनिट अशी वस्ती. डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले, निवृत्त अधिकारी. नुकत्याच आलेल्या माणसाला इथे सगळं सोपं जातं. इंग्रजीवर भागतं, स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र मीटरची घरं मिळतात, रात्रपाळीवाल्याकडे कोणी वळून बघत नाही. शेजार मिश्र आहे, पण सहा महिने राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, हेही इथेच घडतं.

शहराबाहेर

शास्त्र विद्यापीठ तिरुमलैसमुद्रमला आहे, त्रिची रस्त्यावर. वल्लम त्याच दिशेला. अन्नप्रक्रियेची राष्ट्रीय संस्था पुदुक्कोट्टै रस्त्यावर. पहिल्या वर्षाला वसतिगृहच घ्या. तिथली सरमिसळ देशभराची असते, पण ती गेटाच्या आत. शेवटच्या वर्षात किंवा नोकरी लागल्यावर शहरात या.

मग निवड कशी करायची

- तमिळ अजिबात येत नसेल आणि पहिल्यांदाच घर सोडलं असेल तर पहिले तीन महिने मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूला पीजी किंवा वसतिगृह. मोठा करार नको.
- त्या तीन महिन्यांत कामापुरतं तमिळ शिका आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या भागात पायी फिरा.
- नंतर किल्ल्याच्या कडेला, म्हणजे दक्षिणेचं अलंगम, देवळामागचं श्रीनिवासपुरम किंवा कीळवासलच्या वरच्या अंगाला घर घ्या. बाजार पायी, बसस्थानक पायी, आणि दारापाशी एकाहून जास्त गल्ल्या.
- रात्रपाळी, परीक्षा किंवा लहान मूल असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा. झोप महत्त्वाची.

गल्ली वाचायची कशी

घर दाखवायला मालक दुपारी बोलावतो. तेव्हा गल्ली झोपलेली असते. त्याच गल्लीत सकाळी साडेसहाला आणि रात्री साडेआठला स्वतः जाऊन या.

सकाळी दारापुढचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, पाहा, दुधाच्या आणि पाण्याच्या रांगेत कोण कोण आहे ते पाहा. चहाच्या टपरीवर उभे राहा. एकाच बाकावर पेपर वाचणारे निवृत्त मास्तर, गवंडी आणि टोपी घातलेले मुसलमान दुकानदार बसले असतील तर गल्ली मोकळी आहे.

रात्री कोपऱ्यावरचे फलक वाचा. तमिळनाडूत लग्न, मुलीचं न्हाण, तेरावं, नेत्याचा वाढदिवस, सगळ्याचे फ्लेक्स लागतात, आणि त्यांवर एका कोपऱ्यात त्या समाजाला पूज्य असलेल्या पुढाऱ्याचं छायाचित्र असतं. तमिळ वाचता आलं नाही तरी चेहरे ओळखता येतात. मुत्तुरामलिंग तेवर, आंबेडकर, कामराज, पेरियार. एकाच चेहऱ्याचे फलक सलग दिसले तर गल्ली कोणाची ते कळतं. तीन-चार वेगळे चेहरे एका कोपऱ्यावर शेजारी शेजारी असतील, तर तुम्हाला हवी ती जागा बहुधा तीच.

मेसची पाटीही पाहा. शंभर पावलांवर एक शाकाहारी मेस, एक बिर्याणीचं दुकान आणि एक इडलीची हातगाडी असेल तर जेवणाची आणि माणसांची दोन्हींची सोय झाली.

फोनवर हे चार प्रश्न येणारच

'टु-लेट'च्या पाटीवरचा नंबर फिरवलात की नाव-गाव सांगण्याआधी प्रश्न सुरू होतात.

- 'फॅमिलिया, बॅचलरा?' एकटे असाल तर सरळ 'बॅचलर' सांगा आणि लगेच नोकरी किंवा कॉलेजचं नाव जोडा. इथे संस्थेच्या नावाला वजन आहे. मुलगा डॉक्टर आहे म्हटल्यावर अर्ध्या मालकांचा विरोध मावळतो.
- 'सैवमा, असैवमा?' शाकाहारी की मांसाहारी. खरं सांगा. शाकाहारी असल्याचं सांगून घर घेणाऱ्याला चार महिन्यांत नवं घर शोधावं लागतं, कारण इथे स्वयंपाकाचा वास लपत नाही. 'घरात शिजवणार नाही, बाहेर खाईन' ही तडजोड पुष्कळ मालकांना चालते. तुम्हाला चालते का, ते तुम्ही ठरवा.
- 'सोंद ऊर एदु?' मूळ गाव कोणतं. 'महाराष्ट्रा' म्हणालात की चेहरा बदलतो, बहुधा चांगल्या अर्थाने. सरफोजींचं नाव निघेल, राजवाड्याचं निघेल. ऐकून घ्या.
- 'नींग एन्न आळुंग?' तुम्ही कोणापैकी. हा जातीचा प्रश्न. तो कोणी आडून विचारतं, कोणी आडनावावरून काढायला बघतं. महाराष्ट्रातली आडनावं त्यांना लागत नाहीत, हा तुमचा फायदा. जात सांगायची नसेल तर 'मराठी' एवढंच म्हणा आणि भाडं किती ते विचारा. प्रश्न तीनदा आला तर ते घर सोडा. मिश्र शेजार हवा असणाऱ्याने या मालकाच्या माडीवर राहून काही साधणार नाही.

एक सूचना दलालांच्या बोलण्याविषयी. दलालाने आवाज खाली आणून एखाद्या भागाला 'कॉलनी साइड' म्हटलं, तर तो दलित वस्तीकडे बोट दाखवतो आहे. तमिळनाडूच्या खेड्यापाड्यांत 'कॉलनी' या शब्दाला तोच अर्थ चिकटला आहे; सरकारी नोंदींतून तो काढून टाकण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५मध्ये केली. शहरातल्या म्युनिसिपल कॉलनीसारख्या नावांना तो अर्थ नाही. दलालाने नाक मुरडलं म्हणून भाग बाद करू नका; पाणी, दिवे, रस्ता स्वतः बघा.

पैसे आणि करार

तमिळनाडूचा भाडेकरार कायदा २०१७चा आहे, अंमल फेब्रुवारी २०१९पासून. घरभाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंद भाडे प्राधिकरणाकडे व्हायला हवी, हे त्याचं मुख्य सूत्र. नोंदणी ऑनलाइन होते. मालक 'आपल्यात कागद कशाला' म्हणेल. तुम्हाला आधारचा पत्ता बदलायला, गॅस घ्यायला आणि घरभाडे भत्ता मागायला कागद लागणारच आहे, हे सांगून आग्रह धरा.

- अनामत, तिकडच्या भाषेत 'अॅडव्हान्स': वेगळं ठरवलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. करारात जास्त रक्कम लिहून सही केलीत तर ही ढाल गेली. म्हणून घासाघीस भाड्यावर नंतर, अॅडव्हान्सवर आधी.
- घर सोडल्यावर देणी वजा करून अनामत महिनाभरात परत मिळायला हवी. रंगाचे पैसे कापण्याची पद्धत सर्रास आहे. रंगाला किती कापणार तो आकडा करारातच घाला.
- मालकाला दुरुस्तीसाठी किंवा पाहणीसाठी खोलीत यायचं तर २४ तास आधी कळवावं लागतं. पोर्शनमध्ये राहणाऱ्यांनी हे कलम आधीच बोलून घ्यावं.
- भांडण झालं तरी पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. तोडली तर भाडे प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.
- भाडं बँकेतून द्या. रोखच हवं म्हणणाऱ्याकडून दर महिन्याला सही घेतलेली पावती घ्या.

'लीज'च्या पाटीपासून जपून. 'हाउस फॉर लीज' असं लिहिलं असेल तर तो आपल्याकडचा भाडेपट्टा नव्हे. दोन-तीन वर्षांसाठी काही लाख एकरकमी द्यायचे, दरमहा भाडं नाही, मुदत संपली की रक्कम परत. ऐकायला छान वाटतं. पण ते घर बँकेकडे गहाण असेल, किंवा मालकाने तुमचे पैसे दुसऱ्या घरात गुंतवले असतील, तर परतीच्या वेळी तो नवा भाडेकरू मिळेपर्यंत थांबा म्हणतो. पहिल्या नोकरीतल्या माणसाने, आईवडिलांच्या ठेवी मोडून, हा व्यवहार करू नये. करायचाच असेल तर मालमत्तेवरचा बोजा दाखवणारा दाखला, तिकडे ज्याला 'ईसी' म्हणतात, तो काढून बघा आणि दस्त नोंदवा.

पाणी, वीज आणि उलटा पावसाळा

घर बघताना नळ सोडून विचारा: हे बोअरचं की महापालिकेचं? बोअरचं पाणी धुण्या-आंघोळीला. पिण्याचं 'नल्ल तण्णी' वेगळं येतं, कधी येतं आणि साठवायला टाकी आहे का ते पाहा. मोटर कोण चालवतं, हेही. मागच्या पोर्शनवाल्याची आंघोळ मालकाच्या मोटरच्या वेळेवर चालते.

वीजबिल, म्हणजे 'ईबी', दोन महिन्यांनी येतं आणि घरगुती जोडणीला पहिली १०० युनिटं मोफत असतात. पुढचा दर वापराबरोबर चढत जातो. एका मीटरवर तीन पोर्शन असतील तर सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जाऊन चढा दर लागतो, आणि मालक युनिटला ठरावीक रक्कम लावून वसूल करतो. स्वतंत्र मीटर असलेलं घर थोडं महाग वाटलं तरी उन्हाळ्यात तेच स्वस्त पडतं. तंजावूरचा एप्रिल-मे पंख्यावर निघत नाही.

जूनमध्ये घर बघायला जाल तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असेल. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि चक्रीवादळंही त्याच दिवसांत. नोव्हेंबर २०१८च्या 'गज' वादळात जिल्ह्याच्या अनेक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. म्हणून भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला ओलीची रेघ आहे का ते बघा, आणि गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा, दिवाळीत पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो खरं सांगतो, त्याचाही माल भिजलेला असतो.

एकट्या राहणाऱ्या मुलींसाठी

- तमिळनाडूत स्त्रियांच्या वसतिगृहांना २०१४च्या कायद्याने परवाना लागतो. पीजीत पैसे भरण्याआधी परवाना बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढचं घर.
- नोकरदार स्त्रियांसाठी राज्य सरकारची 'तोळी' वसतिगृहं आहेत, त्यांतलं एक तंजावूरमध्ये. सुरुवातीच्या महिन्यांसाठी आधी तिथे चौकशी करा.
- साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना २०२१पासून तिकीट लागत नाही, आणि त्यासाठी तमिळनाडूची रहिवासी असण्याची अट नाही. घर निवडताना याचा हिशोब धरा: अशा बसचा थांबा जवळ असेल तर लांबचं घरही परवडतं. एक्स्प्रेस गाड्यांना ही सवलत नाही.
- फाटक किती वाजता बंद होतं आणि किल्ली तुम्हाला मिळते का, हे करारात लिहून घ्या. तोंडी 'नो प्रॉब्लेम'वर जाऊ नका.

नकार मिळाला तर

इथे स्पष्ट बोललेलं बरं. धर्म, खाणं किंवा अविवाहित असणं या कारणावरून खासगी मालकाने घर नाकारलं, तर त्याला थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. राज्यघटनेतलं भेदभावबंदीचं कलम खासगी व्यक्तींच्या बाबतीत दुकानं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांपुरतं बोलतं. पण काही बाबतींत कायदा तुमच्या बाजूने ठाम उभा आहे:

- अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडथळा आणणं हा १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर सामाजिक बहिष्कार टाकणं अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही येतं.
- तृतीयपंथी व्यक्तीला घर भाड्याने घेण्याचा हक्क नाकारण्यास २०१९च्या कायद्याने मनाई आहे.
- एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला त्या कारणावरून घर नाकारण्यास २०१७च्या कायद्याने मनाई आहे.

अशा वेळी फोनवर वाद घालू नका. नकार लेखी संदेशात येईल असं बघा, पाटीचा फोटो ठेवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्या नकारांसाठी उपाय एकच: यादीतलं पुढचं घर.

राहायला गेल्यावर उरकायची कामं

मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरा. महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ तिकडे ठेवणार असाल तर जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र घेऊन नवा क्रमांक घ्यावा लागतो. तंजावूरचा टीएन ४९. अन्न सुरक्षा कायद्याखालची शिधापत्रिका देशभर चालते.

आणि शेजार जोडायचा असेल तर गृहप्रवेशाला सकाळी दूध उतू घालून ते शेजारच्या चार घरी नेऊन द्या. तिकडचा रिवाज आहे. पहिल्या दिवशी दूध घेऊन आलेल्या माणसाची जात नंतर कोणी विचारायला येत नाही असं मी म्हणणार नाही, पण पाणी गेलं की तुम्हाला हाक मारायला मात्र येतात.

जायचं केव्हा

आडि महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, तिकडे बहुतेक लोक घर बदलत नाहीत. नेमक्या आडित आपल्याकडचे विद्यार्थी घर शोधायला उतरतात आणि घरंच नाहीत म्हणून मिळेल ते घेतात. हातात वेळ असेल तर आडि मॅन्शनमध्ये किंवा पीजीत काढा आणि फिरून गल्ल्या बघून ठेवा. ज्याला मुहूर्ताची पर्वा नाही त्याने आडित रिकामं पडलेलं घर भाडं पाडून मागायला हरकत नाही. मालकही अडलेला असतो. बाकीच्यांनी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडावं. आडिनंतरचा आवणि महिना लागला की गल्लोगल्ली 'टु-लेट'च्या पाट्या लागतात.